दयेला डोळे हवेत

बदकाचे अंडे साधारणतः 28 दिवसांत फुटते. घरच्या उबवणी यंत्रात तो दिवस उलटला, कवचाला बारीक भेग पडूनही पिल्लू बाहेर येईना, आतून क्षीण आवाज मात्र ऐकू येतो. अशा वेळी कवच सोलून त्याला मोकळे करणे हीच दया वाटते.

परंतु त्या स्तब्धतेत मोठे कार्य चाललेले असते. फुप्फुसे श्वास घेऊ लागतात, पडद्यातील रक्त शरीरात परतते, उरलेला बलक पोटात ओढला जातो. यास 24 ते 48 तासही लागतात. त्यापूर्वी पडदा फाडला तर पिल्लू रक्तस्रावाने दगावू शकते. याउलट, हवा कोरडी पडून पडदा त्याच्या अंगाला चिकटला असेल, तर नुसते पाहत राहणे ही निष्ठुरता होय. तेथे कोमट पाण्याने पडदा ओलवावा, हळूहळू सोडवावा आणि रक्तवाहिनी दिसताच थांबावे.

वाचकहो, स्वतःची अस्वस्थता शमविण्यासाठी केलेली मदत म्हणजे दया नव्हे; तसेच ‘निसर्गाची इच्छा’ म्हणून हात झटकणे म्हणजे संयम नव्हे. अंडे यंत्रात ठेवले तेव्हाच आपण त्याच्या आईची जागा घेतली. निसर्गाकडे बोट दाखविण्याचा अधिकार तेव्हाच संपला. आता उरते ते कर्तव्य एवढेच: आधी नीट पाहणे, मग हात पुढे करणे.