सोळा घटक आणि एक जुलै

डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेले सोळा घटकांचे प्रारूप हवामान खाते १९८८पासून मान्सूनच्या अंदाजासाठी वापरू लागले. हिमालयावरचा बर्फ, एल निनो, दूरदूरचे वायुदाब अशा खुणांवरून चार महिन्यांच्या पावसाचा आकडा काढायचा, हे मोठेच काम होते. वर्षामागून वर्षे अंदाज चांगल्या पावसाचा येई आणि पाऊसही पडे.

पण १९८९ ते २००१ या काळात देशव्यापी दुष्काळ पडलाच नाही. दर साली डोळे मिटून ‘पाऊस बरा होईल’ म्हणणाराही तेव्हा खरा ठरला असता. प्रारूपाची परीक्षा वाईट साली व्हायची होती, आणि ते साल येतच नव्हते. मन जे वारंवार पाहते त्यालाच नियम मानते. बरेच दिवस न दिसलेले जगातून गेलेच, असे धरून चालते. १९७२चा दुष्काळ भोगलेली माणसे गावोगाव होती, पण तिशीतल्या शेतकऱ्याला ती ऐकीव गोष्ट होती.

२००२मध्येही अंदाज सामान्य पावसाचाच होता. जून बरा गेला. वाफसा आला, तिफणी चालल्या. मग जुलैत पावसाने ओढ दिली. देशभरात त्या महिन्यात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला. कोंब करपले. आता दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणायचे की थांबायचे? पहिले बियाणे मातीत गेलेले असते, म्हणून बांधावरचा माणूस आभाळाकडे जास्तच आशेने बघतो आणि प्रत्येक ढगात त्याला पाऊस दिसतो. त्याला भोळा ठरवणे मला अन्यायाचे वाटते. ज्याचे वर्ष एका उत्तरावर टांगलेले आहे, त्याला त्या उत्तराची शक्यता अलिप्तपणे मोजता येत नाही.

हंगामाअखेर तूट एकोणीस टक्के निघाली. प्रारूप बदलले गेले.

आता खाते एका आकड्यावर थांबत नाही. पाऊस कमी, सामान्य वा जास्त होण्याची शक्यताही वेगवेगळी सांगते. मथळ्यात मात्र एकच आकडा येतो, तोही अख्ख्या देशाचा, आणि तो कोकणात नि माणदेशात सारखाच वाचला जातो. कोरडवाहू भागासाठी बातमी देताना कमी पावसाची शक्यता आधी छापावी, असे मला आग्रहाने वाटते. पेरणी लांबवायची, की कमी पाण्यावरची बाजरी-मटकी धरायची, हे तिथल्या शेतकऱ्याला त्यावरूनच ठरवायचे असते.