अव्याज कृपा आणि जीवाची कृतज्ञता

लीळाचरित्रातील सशाच्या रक्षणाची लीळा आपणां सर्वांस परिचित आहे. पारध्यांचे कुत्रे पाठीस लागले असता एक भ्यालेला ससा श्रीचक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली येऊन दडला. पारध्यांनी तो मागितला. शरण आलेला जीव स्वामींनी दिला नाही. पारधी निघून गेल्यावर त्या सशाला आदराने संबोधून जाण्याची अनुज्ञा दिली. या लीळेचे निरूपण करताना आपण बहुधा अहिंसेपाशी थांबतो. सशाच्या बाजूने मात्र तिचा विचार क्वचितच होतो. त्याच्यापाशी जप नव्हता, तप नव्हते. आपण कोणाच्या आश्रयास आलो, हेही त्यास ठाऊक नव्हते. होते ते केवळ भय. योग्यता पाहून दिलेले ते दान नव्हे.

जे योग्यतेने मिळाले नाही, त्याची उतराई कशी व्हावी? ज्याची फेड होते ते ऋण. कृपेची फेड करू म्हणणारा जीव कृपेला व्यवहाराच्या पातळीवर आणतो. आणि एकदा व्यवहार म्हटला, की तक्रारही आलीच.

ही तक्रार कल्पनेतली नाही. 26 नोव्हेंबर 2023 रोजी निफाड तालुक्यात गारपीट झाली आणि द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. मौजे सुकेणे हे आपले श्रद्धास्थान याच तालुक्यात आहे. हंगामापूर्वी तेथे विडा अर्पण करून आलेल्या वासनिकाने उद्ध्वस्त वेलींत उभे राहून 'देवाने कृपा काढून घेतली काय?' असे विचारले, तर त्यास काय सांगावे? 'तुझे कर्म' एवढेच बोलून मोकळे होणे सोपे आहे. सिद्धान्ताला धरून असले तरी ते उत्तर निष्ठुर आहे. आधी त्याच्या बांधावर जाऊन बसावे. (आणि ज्याची बाग वाचली, त्याने त्याच बांधावर 'मला देवाने तारले' असे म्हणू नये.)

पुढे सिद्धान्त सांगावा. प्रपंचातील सुखदुःखांची फळे जीवास त्याच्या कर्मानुसार देवतांकडून प्राप्त होतात. परमेश्वराचे देणे निराळे: ज्ञान, भक्ती, वैराग्य, आणि अखेर अनादी बंधनातून सुटका. तेव्हा लगडलेल्या घडांसाठी परमेश्वराचे आभार मानणाऱ्याने आभारच चुकीच्या ठिकाणी पाठविले होते. मग गारांबद्दलची तक्रार तरी योग्य ठिकाणी कशी पोहोचावी? त्या सशालाही पुढे कधी कुत्रा भेटणार नाही, असे अभिवचन कोणी दिले नव्हते. त्याला आश्रय मिळाला होता.

हा आश्रय परमेश्वर मोडीत नाही. स्वामींनी उत्तरापंथे गमन केले, तेव्हा मागे राहिलेल्या भक्तजनांचा शोक थोडा नव्हता. तथापि त्यांना निराधार ठेविले नाही. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी निरविले. ज्यांना निरविले, त्यांच्यातही दोष होते, रुसवे होते. लीळाचरित्र ते झाकून ठेवीत नाही.

आणि कृतज्ञतेचे रूप पाहावयाचे तर म्हाइंभटांकडे पाहावे. पांडित्याच्या अभिमानाने वाद करण्यास आलेला हा पुरुष. स्वामींच्या गमनानंतर, 1278 च्या सुमारास, त्यांनी लीळा जमविण्यास आरंभ केला. ज्यांनी जे पाहिले ते त्यांना विचारीत ते हिंडले. आणि जेथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तेथे स्वतःच्या बुद्धीने निवाडा न करता सांगणाऱ्याच्या नावासह दोन्ही पाठ लिहून ठेविले.