उत्साहाचा धनी कोण?

लहान धंदा चालविणाऱ्या माणसाची एक नेहमींची तक्रार असते. माल मिळतो, गिऱ्हाईक मिळतें, प्रसंगीं भांडवलही मिळतें. मिळत नाहीं तो मन लावून काम करणारा माणूस, आणि मिळालाच तर त्याचा हुरूप टिकत नाहीं. मग नोकरांचा उत्साह टिकवून ठेवावा कसा, असें तो आपल्या स्नेह्यांना, व्यवसायबंधूंना आणि अलीकडे या विषयाच्या पगारी उपदेशकांनाही विचारतो. उत्तरें पुष्कळ मिळतात. सणाला मिठाई द्या, महिन्यांतील उत्तम नोकर निवडून त्याची तसबीर भिंतीवर लावा, वर्षांतून एकदां सर्वांना सहलीस न्या. यांतील एकही गोष्ट वाईट नाहीं. परंतु प्रश्नांतील एक शब्द आधीं तपासून पाहणें अवश्य आहे. दिवा तेवत ठेवतात, जनावर बांधून ठेवतात, पैसा पेढींत ठेवतात. दुसऱ्या माणसाचा उत्साह टिकवून ‘ठेवणारा’ मी कोण? तो माझ्या मालकीचा आहे काय? प्रश्न धंद्याचा दिसतो खरा, पण मुळांत तो नीतीचा आहे.

हजारों माणसांच्या गिरणींत एखाद्याचें मन कामांतून उडालें तरी यंत्र आणि नियम मिळून त्याचे हात चालते ठेवतात. आठ-दहा माणसांच्या दुकानांत तसें होत नाहीं. जुहूच्या कोणत्याही गल्लींतील बेकरी, शिंप्याचें दुकान किंवा लहानसें उपाहारगृह घ्या. तेथें एका माणसाचा रुसवा म्हणजे दहावा हिस्सा धंदा थंडावला असें समजावें. बढतीची शिडी तेथें नसते, वेतन मोठें नसतें, आणि धनी व चाकर दिवसभर एकमेकांच्या नजरेसमोर वावरत असतात. म्हणजे लहान धनिकाला दुसऱ्याच्या उत्साहाची गरज सर्वांत अधिक, आणि तो विकत घेण्याचें सामर्थ्य सर्वांत कमी. ही अडचण खरी आहे आणि तिला हंसून चालणार नाहीं.

याच जुहूवर एक लहानसा व्यवसाय असा चालला कीं, त्याचें उदाहरण या प्रश्नाच्या विचारास फार उपयोगी आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा कराचीहून टपालाची पिशवी घेऊन एका लहानशा पस मॉथ विमानानें निघाले आणि अहमदाबादेस थांबून दुपारीं जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल बल्लारीमार्गें मद्रासकडे नेलें. टाटांचें घराणें मोठें. पण जुहूवरचा हा व्यवसाय अगदीं लहान होता. दोन विमानें, तीन वैमानिक आणि तीन यंत्रकारागीर, एवढाच त्याचा संसार. सरकारचें अर्थसाहाय्य नव्हतें. बिनतारी यंत्रणा नव्हती. विमानतळ म्हणावयाचा तो समुद्रालगतचा चिखलाचा सपाट पट्टा. पावसाळा लागला कीं तो पाण्याखालीं जाई, आणि मग सर्व बिऱ्हाड उचलून पुण्यास, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर न्यावें लागे. असें असतांही पहिल्या वर्षांत वेळापत्रक चुकलें नाहीं. सह्याद्रीवरील पावसाळी ढगांतून जावें लागूनही कराचीची गांठ एकदांही हुकली नाहीं. सरकारच्या मुलकी विमानखात्यानें आपल्या अहवालांत या कामाची प्रशंसा केली, आणि इंपीरियल एअरवेजसारख्या बलाढ्य कंपनीनें आपलीं माणसें टाटांकडे शिकावयास पाठवावीं, अशी कोपरखळीही मारली.

सहा माणसांच्या हातून हें कसें घडलें? मिठाईनें किंवा तसबिरीनें घडलें नसावें. कामाचें स्वरूपच पाहिलें तर तीन गोष्टी सहज दिसतात. पहिली अशी कीं, कामाचें फळ प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर होतें. पिशवी पोंचली कीं नाहीं हें कारागिराला धन्याइतकेंच कळे. दुसरी अशी कीं, धनी त्या कामाच्या बाहेर उभा नव्हता. तीन वैमानिकांपैकीं दोघे म्हणजे खुद्द टाटा आणि व्हिन्सेंट. कारागिरानें आंवळलेल्या खिळ्यावर धन्याचा स्वतःचा जीव अवलंबून असे. तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंतूनच येते. ज्याच्या हातीं आपण आपला जीव सोंपवितों, त्याच्यावर घटकोघटकीं पहारा ठेवतां येत नाहीं. विश्वास ही तेथें धन्याची मेहेरबानी नव्हती, कामाची गरजच होती.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. विमान ही अद्भुत वस्तु. तिच्यापाशीं राबणाऱ्याला हुरूप न वाटला तरच नवल! पण रोज तीच चटणी वाटणाऱ्या, तेंच काज शिवणाऱ्या माणसानें हुरूप कोठून आणावा? याचें उत्तर मुंबईनेंच दोनदां दिलें आहे. १९५९ च्या मार्च महिन्यांत गिरगांवांतील सात बायकांनीं ऐंशीं रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांतून लिज्जतचा पसारा उभा राहिला. पापड लाटण्यांत अद्भुत असें काय आहे? परंतु तेथें लाटणारी प्रत्येक बाई भगिनी म्हणविली जाते आणि नफ्यातोट्याची वांटेकरीण असते. तीच गोष्ट डबेवाल्यांची. मावळ-खेड-जुन्नरकडचे हे लोक १८९० पासून मुंबईंत डबे वाहत आले. पार्ले-अंधेरीहून निघालेला डबा भर गर्दीच्या गाडींतून दुपारच्या आंत कोटांतल्या कचेरींत पोंचविणें हें काम कष्टाचें आणि नित्य तेंच तें. पण त्यांच्या टोळींत खर्च वजा जातां उरलेली प्राप्ति सारखी वांटली जाते. म्हणजे कामांत नवलाई असलीच पाहिजे असें नाहीं. आपले श्रम कोणाच्या पदरांत पडतात हें कळणें, आणि त्यांतील न्याय्य भाग आपल्या पदरांत पडणें, एवढें असलें म्हणजे नीरस कामही माणूस निष्ठेनें करतो.

आतां आमच्याकडील लहान धनी काय करतो तें पहा. भागीदारी तर राहोच, वेतनवाढीची गोष्ट निघाली कीं, ‘अरे, तूं कां परका आहेस? तूं तर घरचा माणूस!’ असें तो म्हणतो. हा शब्द गोड आहे, म्हणूनच तो पारखून घ्यावा. घरच्या माणसाला घराची जमाखर्चाची वही पाहतां येते; या घरच्या माणसाला ती दाखवितात काय? घरचा माणूस म्हातारा झाला तर त्याला पोसावें लागतें. याला पोसणार काय? रात्रीं दहापर्यंत थांबवून घेण्यापुरताच जो घरचा, तो नात्याच्या नांवाखालीं फुकट राबविला जाणारा माणूस होय. दुसरे कोणी याहून उंच चढतात आणि गीतेंतील निष्काम कर्माचा उपदेश करतात. तो उपदेश थोर आहे, परंतु तो मनुष्यानें स्वतःला करावयाचा आहे. फळ ज्याच्या गल्ल्यांत जमा होतें, त्यानेंच दुसऱ्याला फलाशा सोडावयास सांगावें, यांत वेदांत नाहीं. हिशेब मात्र आहे.

माझ्या मतें विवेक करावा तो येथें. वेतन हें धन्यावरचें ऋण आहे, आणि उत्साह हें चाकराचें दान आहे. वेतनाच्या बदल्यांत धन्याला ठरलेले तास, ठरलेलें काम आणि प्रामाणिकपणा मागण्याचा पूर्ण हक्क आहे. त्यापलीकडे जो जीव ओतला जातो, तो कोणत्याही करारांत लिहिलेला नसतो. तो मिळाला तर कृतज्ञतेनें घ्यावा. न मिळाला तर तक्रार करूं नये. जो माणूस सांगितलेलें काम नीट करतो आणि वेळ होतांच हात धुऊन घरीं जातो, त्याला निरुत्साही म्हणून दोष देण्याची चाल आज फार पडली आहे. त्यानें काय अपराध केला? त्याचें मन घरीं आजारी आईपाशीं असेल, भजनांत असेल, मुलाच्या अभ्यासांत असेल. त्यानें आपले हात विकले आहेत. मन विकलेलें नाहीं, आणि तें विकावयास लावणारी व्यवस्था मला भयंकर वाटते.

मग धन्यानें कांहींच करूं नये कीं काय? करावें, परंतु आधीं ऋण फेडावें आणि मग दानाची वाट पहावी. पगार ठरल्या दिवशीं द्यावा. तोटा असेल तर तोही सांगावा. गरीब धनी असणें हें पाप नव्हे, पण नफ्याच्या वर्षीं मुका आणि तोट्याच्या वर्षीं बोलका होणें हें पाप आहे. चूक झाली तर चारचौघांत पाणउतारा करूं नये, आणि कारागिराची युक्ति गिऱ्हाइकापुढें आपली म्हणून मिरवूं नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० मध्यें औंध संस्थानांतील निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हां जेमतेम पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह त्यांच्याबरोबर होते. तेथें त्यांनीं तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांनाही रात्रीचे रखवालदार नेमलें. ज्याच्यावर जगानें चोर म्हणून शिक्का मारला, त्याच्याच हातीं कुलपें देणें यांत धोका होता. पण विश्वासाला धोका नसता तर त्याची किंमत ती काय?

कोणताही उपाय योग्य कीं अयोग्य हें ठरविण्यास एक साधी कसोटी पुरेशी आहे. उपायामागील हेतु नोकराला उघड सांगतां येईल काय, हें धन्यानें स्वतःला विचारावें. ‘धंदा वाढला, त्यांत तुझा वांटा आहे, म्हणून हा बोनस देतों,’ हें मोठ्यानें बोलतां येतें. ‘तूं पगारवाढ मागूं नयेस, म्हणून तुझी तसबीर भिंतीवर लावतों,’ हें बोलतां येत नाहीं. जो उपाय लपविला तरच चालतो, तो उत्साह वाढवीत नाहीं. तो माणसाला फसवितो, आणि लहान दुकानांत, जेथें सारे एकमेकांचे चेहरे रोज वाचतात, ती फसवणूक फार दिवस लपतही नाहीं.

बहुतेक माणसें नव्या कामावर पहिल्या दिवशीं आपला हुरूप बरोबर घेऊनच येतात; तो बाहेरून आणावा लागत नाहीं. तो पुढें कोठें जातो, हें शोधावयाचें असेल तर धन्यानें नोकराचा स्वभाव चाळीत न बसतां आपलीच वही आणि आपलीच जीभ तपासावी. उत्साहाचा धनी ज्याचा तोच असतो. दुकानाच्या धन्याच्या हातीं एवढेंच आहे कीं, त्यानें तो मारूं नये, आणि मिळेल तेव्हां तें आपलें येणें नव्हतें याची जाणीव ठेवावी.