पापाचे वाटेकरी, मळ्याचे वारस

एलियास बॉल १६९८ मध्ये इंग्लंडमधल्या डेव्हनहून साउथ कॅरोलायनात आला, तो वारसदार म्हणून. एका निपुत्रिक नातलगाची कूपर नदीकाठची ‘कमिंगटी’ नावाची जमीन त्याच्या नावे झाली होती, आणि जमिनीसोबत तिथले गुलामही. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपेपर्यंत या घराण्याने त्या नदीकाठी वीसहून जास्त भातमळे केले. एवढ्या काळात जवळपास चार हजार माणसं त्यांच्या मालकीची होऊन गेली.

हिशेबाला ही मंडळी चोख. त्यांच्या एका वहीत १७५६ सालची खरेदी आहे: चार मुलगे, दोन मुली. मुली अंदाजे दहा-दहा वर्षांच्या, सगळ्यांत धाकटा मुलगा सहाचा. वयं अंदाजाने लिहिली, कारण खरं वय सांगणारं तिथे कुणी नव्हतं. त्या दोघींपैकी एकीचं नाव वहीत पडलं प्रिसिला. सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरून ती ‘हेअर’ नावाच्या जहाजातून आली होती. चार्ल्स्टनला त्या जहाजातला ‘माल’ विकणारा हेन्री लॉरेन्स हा बॉलांचा जावई. पुढे हाच लॉरेन्स अमेरिकेच्या काँटिनेंटल काँग्रेसचा अध्यक्ष झाला.

रविवारी ही मंडळी नदीकाठच्या स्ट्रॉबेरी चॅपेलमध्ये प्रार्थनेला जात. १७२५ साली बांधलेलं ते चॅपेल अजून उभं आहे.

मळ्यांचं तसं झालं नाही. भरती-ओहोटीच्या पाण्यावरचा भात म्हणजे बांध, चर आणि पाणी आत-बाहेर करणारी लाकडी दारं यांचा बारमाही खटाटोप. त्यातलं बरंचसं कसब पश्चिम आफ्रिकेच्या भातपट्ट्यातून धरून आणलेल्यांच्या हातात होतं. मुक्ती मिळाल्यावर त्या दलदलीत पूर्वीसारखं राबायला कोण कशाला उतरेल? तिकडे लुइझियाना आणि आर्कान्सासात घट्ट जमिनीवर यंत्राने भात निघू लागला, इकडे वादळांनी बांध फोडले. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत कॅरोलायनाचा भातधंदा आटोपला. कित्येक जुने मळे उत्तरेतल्या धनिकांनी बदकांच्या शिकारीसाठी घेतले. बॉलांकडे उरली आडनावाची ऐट, काही तसबिरी आणि ‘आपले पूर्वज दयाळू धनी होते’ ही घरगुती पोथी.

एडवर्ड बॉल हा याच घरातला, एका एपिस्कोपल धर्मोपदेशकाचा मुलगा. मळ्यातली जमीन त्याच्या वाट्याला आलीच नाही. १९९०च्या दशकात त्याने घराण्याची दप्तरं उपसली. पोथीला न शोभणारं बरंच काही बाहेर आलं: शिक्षांच्या नोंदी, मालकांपासून गुलाम बायकांना झालेली मुलं. मग त्याने त्या चार हजारांचे वंशज शोधायला सुरुवात केली आणि १९९८ मध्ये ‘स्लेव्हज इन द फॅमिली’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. नातलगांत सगळ्यांनाच हे रुचलं नाही. जे आम्ही केलं नाही त्याचं ओझं आमच्या डोक्यावर का, हा त्यांचा सवाल.

सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खुद्द बायबलमध्ये त्याची दोन उत्तरं आहेत. निर्गमाच्या पुस्तकात बापाच्या अपराधाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीला पोचते. यहेज्केल संदेष्टा मात्र बापाचं पाप मुलाच्या माथी येत नाही असं बजावतो. गंमत पाहा. दक्षिणेतल्या धर्मोपदेशकांनी गुलामगिरीचं समर्थन केलं ते वारशाने येणाऱ्या शापाच्या बळावर. नोहाने आपल्या नातवाला, कनानला दिलेला शाप त्यांनी साऱ्या आफ्रिकेला चिकटवला. म्हणजे पुराणकाळातल्या शापाचा वारसा काळ्या माणसाने निमूट घ्यायचा, आणि पणजोबाच्या नफ्याची गोष्ट निघाली की गोऱ्या वारसाला यहेज्केल आठवणार!

इथे वाल्या कोळ्याचं घर डोळ्यांसमोर येतं. पापात वाटा घ्यायला बायकामुलांनी साफ नकार दिला, आणि कर्म ज्याचं त्याचं म्हणून आपण त्यांना दोषही देत नाही. पण रांजणात खडे पडत होते तेव्हा याच लुटीवर त्यांची चूल पेटत होती, एवढा भाग कीर्तनात घाईने उरकतो. आपले धर्मशास्त्रकार अधिक व्यवहारी होते. मिताक्षरेच्या परंपरेत बापाचं कर्ज मुलाने फेडायचं, नातवाने निदान मुद्दल तरी. भारतीय कायद्यातली ही जबाबदारी २००५च्या दुरुस्तीने संपली, तरी त्यामागचा भेद कामाचा आहे: दोष वेगळा, देणं वेगळं. जुगाराच्या आणि दारूच्या कर्जातून मात्र मुलाला सूट होती. बॉलांचा एखादा चतुर वारस हीच सूट मागेल, की हे पापाचं देणं, ते आमच्यावर नाही. पण जुगारातला पैसा उधळला जातो. प्रिसिलाच्या श्रमातून घर उभं राहिलं, मुलं शिकली, आडनावाला वजन आलं.

मग आता फेडायचं कशातून? जमीन गेली, पैसाही गेला. वह्या राहिल्या. १८५० आणि १८६०च्या अमेरिकन शिरगणतीत गुलामांची मोजदाद झाली ती सहसा नावाविनाच. दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या कुटुंबांची नावं सरकारी कागदावर आली ती १८७० मध्ये. त्याआधीची आजी शोधायची तर मालकाच्या हिशेबाइतका तपशील दुसरीकडे क्वचितच सापडतो. एडवर्डने ही नावं एकमेकांना जोडत आणली आणि जिवंत वंशजांच्या दारात नेऊन पोचवली. काहींनी त्याला आपुलकीने बसवून घेतलं, काहींनी सावधपणे ऐकलं. त्याच्या पुस्तकाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, म्हणजे त्याच माणसांच्या जिवावर बॉल घराण्याला पुन्हा नाव मिळालं, असंही कुणी म्हणेल आणि ते अगदीच खोटं नाही. प्रिसिलापासून आजपर्यंतची वंशावळ मात्र सलग लागली. २००५ मध्ये तिच्या वंशातली एक स्त्री सिएरा लिओनला गेली, तिथल्या सरकारच्या निमंत्रणावरून.