शिंगाळ्याची जात आणि भेदाचे सत्य

कोकणातील खाडीच्या मुखाशी गळ टाकून बसलेल्या माणसाच्या हाती जेव्हा खवले नसलेला, मिशाळ, पाठीवर एक आणि छातीच्या दोन्ही परांना एकेक दातेरी विषारी काटा उभारलेला मासा येतो, तेव्हा 'शिंगाळा' एवढे एकच नाव घेऊन तो प्रकरण निकालात काढतो. परंतु त्या एका नावाखाली आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अनेक जाती नांदत आहेत, आणि त्यांच्यातील भेद वस्तुगत आहे की आपल्या बुद्धीने सोयीसाठी कल्पिलेला, हा प्रश्न मत्स्यशास्त्राइतकाच दर्शनशास्त्राचाही आहे.

लक्षण म्हणजे असाधारण धर्म, आणि ते अव्याप्ती, अतिव्याप्ती व असंभव या दोषांपासून मुक्त असावे, ही नैयायिकांची अट या माशापुढे चांगलीच कसाला लागते. मिशा हे लक्षण धरावे, तर निमुळत्या शेपटीचा, मिशांच्या चार जोड्या बाळगणारा प्लोटोसस हा परक्या कुळातला मासाही त्यात शिरतो, ही अतिव्याप्ती. तीन जोड्यांचा आग्रह धरावा, तर ऑस्टिओजेनिओसस मिलिटॅरिस हा शिंगाळ्याचा खास कुळबंधू एकाच ताठ, हाडासारख्या कठीण जोडीनिशी बाहेर राहतो, ही अव्याप्ती. आणि रंग तर पाण्याबाहेर येताच पालटू लागतो. म्हणून जाणता माणूस अखेर माशाचे तोंड उघडून टाळूवरील दातांचे पट्टे किती, कोणत्या आकाराचे आणि कोठे आहेत, हे निरखतो.

बौद्ध तार्किक दिङ्नागाचा अनुयायी यावर म्हणेल की जाती ही अन्यव्यावृत्तीहून, म्हणजे इतरांपासून वेगळे काढण्याहून, निराळी वस्तूच नव्हे, आणि दाखला म्हणून ग्रंथांकडे बोट दाखवील. कारण फ्रान्सिस डे याने १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध केलेल्या भारतीय माशांवरील आपल्या ग्रंथात शिंगाळ्याच्या ज्या बहुतेक जातींना एरिअस म्हटले, त्यांनाच पुढील भारतीय अभ्यासक टॅकिसुरस म्हणू लागले, आणि आज तीच मंडळी नेटुमा, प्लायकोफॉलिस अशा निरनिराळ्या खात्यांवर चढली आहेत. आक्षेप वजनदार आहे, तरी तो मला मान्य नाही. फेरफार झाले ते आमच्या दप्तरात. माशांचा वंश त्या दप्तराचा हुकूम न विचारता आपापल्या जातीतच चालत आला. पदाचा अर्थ व्यक्ती, आकृती आणि जाती या तिहींत मिळून पाहणारा न्यायसूत्रकार गौतम मला येथे अधिक विश्वासार्ह वाटतो.

ज्या तोंडात जातीची खूण सापडते, त्याच तोंडात या कुळातील नर अंडी सांभाळतो. अंडी मोजकीच, पण एक सेंटिमीटरहून अधिक व्यासाची असतात. ती फुटून पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत, कित्येक आठवडे, नर अन्न घेत नाही. त्यामुळे आमिषाच्या गळाला असा नर सहसा लागत नाही, जाळे मात्र त्याला ओळखत नाही. १९८० च्या सुमारास कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांनी अंडी तोंडात धरलेल्या नरांचे थवे उपसले, आणि पुढे ती मासळी तेथे ओसरली. प्रत्येक जातीचा विणीचा हंगाम आणि थवे करण्याची रीत वेगळी असल्याने, कोणत्या जातीला केव्हा अभय द्यावे हे ठरवण्यासाठी आधी जात ओळखावी लागते. सरसकट 'शिंगाळा' अशी नोंद झाली, तर एखादी जात संपत आल्याचे वर्तमानही त्या नोंदीत बेमालूम बुजून जाते.

सर्व भेद नामरूपात्मक, म्हणून उपेक्षणीय, असे म्हणणारा वेदान्ती मला या ठिकाणी फार घाई करतो असे वाटते. अद्वैताचा सिद्धांत मी नाकारत नाही. पण शंकराचार्यांनीही व्यवहारदशेत भेदाचे प्रामाण्य कायम ठेवले, आणि हिंसा काय, दया काय, या सगळ्या गोष्टी त्याच दशेतल्या आहेत. दयेला भेदाचे ज्ञान लागते, हे जैनांनी फार पूर्वी ओळखले होते. त्यांच्या दशवैकालिक सूत्रात दयेच्या आधी ज्ञानाला स्थान आहे, आणि इंद्रियांच्या संख्येवरून जीवांचे जे बारीक वर्गीकरण त्यांनी केले, ते अहिंसा पाळणाऱ्याला प्रत्यक्ष उपयोगी पडावे म्हणूनच. कोणता जीव समोर आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने व्रत घेतले तरी ते कोणाच्या बाबतीत पाळायचे, हे त्याला सांगता येणार नाही.