नंदी आणि पटाचा बैल

राजापेठेतल्या आमच्या घरी आलेल्या पुण्याच्या भाचरांना मी तळेगाव दशासरला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, दाखवायला नेलं. त्यांनी पट कधी पाहिला नव्हता. जोडी सुटली, जोडी हाकणारा धुरकरी ओरडला, धुळीचा लोट उठला आणि काही सेकंदांत सारं संपलं. आमच्याजवळच एक बैल धापा टाकत उभा राहिला. नाकपुड्या फुललेल्या, तोंडाला फेस. मालक त्याच्या वशिंडावरून हात फिरवत होता.

"मामा, याला पळायला आवडतं का?" धाकटीनं विचारलं.

हा प्रश्न धर्माचाच आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकतो, नंदीला हात लावून मगच महादेवापुढे जातो. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. पण कायद्याला चालतं ते सगळं धर्माला चालतंच असं नाही.

ज्या जिवाला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्या वतीनं 'नको' म्हणणं हा मालकाचा धर्म. देवाच्या नावानं मुकी जनावरं कापू नका, असं गाडगेबाबा याच वऱ्हाडात कळवळून सांगत. पट बंद करा, असं मी म्हणत नाही; ट्रॅक्टरच्या काळात बैलाला पोटच्या पोरासारखं सरकी-ढेप चारणारी माणसं मला तिथंच भेटली. मात्र पराणी टोचून, शेपटी पिरगाळून आलेल्या पहिल्या नंबराला टाळी देऊ नये. दमलेली जोडी न पळवता घरी नेणाऱ्या मालकाचा मान विजेत्याइतकाच मोठा असला पाहिजे.