सुषुप्तीचा पंचनामा

निद्रेच्या नोंदींची चित्रे करणारे कलावंत आज जगात आहेत. अमेरिकेतील लॉरी फ्रिक यांनी आपल्या रात्रींचे आकडे रंगांत आणि आकारांत उतरविले आहेत, आणि मनगटी घड्याळ रोज सकाळी जो पट्टेदार तक्ता पुढे करते, तोही एका परीने चित्रच होय. त्यात ज्या पट्ट्यास ‘गाढ झोप’ म्हटलेले असते, तो कोणाच्या जबानीवरून रंगविला?

पाचगणीत हा प्रश्न सुचावा यात नवल नाही. स्ट्रेप्टोमायसीन येण्यापूर्वी येथील बेल-एअरसारख्या आरोग्यधामात क्षयरोग्याचे मुख्य औषध म्हणजे हवा, आहार आणि सक्तीची विश्रांती. डॉक्टरांच्या हुकमाने तासन् तास निश्चल पडून, आढ्याकडे पाहत घरच्या काळजीने झुरणाऱ्या एखाद्या रोग्याच्या मनगटावर आजचे घड्याळ असते, तर केवळ देहाची हालचाल आणि नाडीची गती यांवरून अदमास बांधणाऱ्या त्या यंत्राने त्याचे कितीतरी जागरण बिनदिक्कत झोपेच्या खाती जमा केले असते.

घाट उतरून वाईस गेले, की तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या धर्मकोशाचे गाव लागते, आणि तेथे गाढ झोपेची साक्ष कोणाची, हा वाद फार जुना ठरतो. बृहदारण्यक उपनिषदात अजातशत्रू राजा गार्ग्याचा हात धरून त्याला एका निजलेल्या माणसापाशी नेतो, त्या माणसास थोर थोर नावांनी हाका मारतो. तो उठत नाही. हाताने दाबून हलविताच मात्र उठतो, आणि राजा विचारतो, की हा विज्ञानमय पुरुष एवढा वेळ होता तरी कोठे? वेदान्ती सांगतो, की सुखाने निजलो होतो असे उठल्यावर स्मरते, त्या अर्थी साक्षी, म्हणजे आतला पाहणारा, झोपेतही हजर होता. नैयायिकाच्या मते ते स्मरण नव्हेच, जागेपणी केलेले अनुमान आहे. घड्याळ हे अर्थातच पक्के नैयायिक. फरक इतकाच, की नैयायिक निदान स्वतःच्या झोपेविषयी बोलतो.

घड्याळाच्या तक्त्यापेक्षा मला अमेरिकेतील एका बापाचे विणकाम अधिक प्रामाणिक वाटते. त्याने आपल्या तान्ह्या मुलाच्या पहिल्या वर्षाची झोप पांघरुणात विणली: दिवसाला एक ओळ, सहा मिनिटांना एक टाका, म्हणजे एका ओळीत २४० टाके. वेदान्त्याचे समाधान यानेही व्हायचे नाही, कारण मुलाचा साक्षी त्या लोकरीत सापडत नाही. पण मूल केव्हा निजले आणि केव्हा उठले, हे सांगणारा कोणीतरी तेथे जागा होता.